डॉज चार्जर घ्यायचीय? आधी इंजिन ठरवा, मग ट्रिम

दर ऑगस्टमध्ये डेट्रॉईटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर गाड्यांची जत्रा भरते. १९९५ पासून चालत आलेली ही वुडवर्ड ड्रीम क्रूझ. लोक सकाळपासून फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि समोरून साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्या धीम्या चालीनं जात राहतात. आम्ही चार-पाच मराठी कुटुंबंही चिवड्याचा डबा आणि थर्मास घेऊन दरवर्षी तिथे असतो. आणि दरवर्षी नुकताच इथे आलेला एखादा मुलगा शेजारी येऊन विचारतो, "दादा, मला चार्जर घ्यायचीय. पण एसएक्सटी, जीटी, आर/टी, स्कॅट पॅक, हेलकॅट... यातलं नेमकं काय घ्यायचं?"

त्याला तिथे उभ्याउभ्या जे सांगतो, ते इथे नीट बसून लिहितो आहे. हौसेची गाडी घेताना माणूस भारावलेला असतो, आणि भारावलेल्या माणसाच्या हातून चुकीची निवड पटकन होते. तुमची पहिली चार्जर तुम्हाला वर्षानुवर्षं आनंद देवो, एवढीच इच्छा आहे.

थोडी ओळख आधी. ट्रिम म्हणजे एकाच गाडीची वेगवेगळी आवृत्ती; एसएक्सटी, जीटी, आर/टी ही त्या आवृत्त्यांचीच नावं. १९६६ साली आलेली मूळ डॉज चार्जर दोन दारांची होती. २००६ च्या मॉडेलपासून हेच नाव चार दारांच्या सेडानला मिळालं, तेव्हा जुन्या मंडळींना ते रुचलं नव्हतं. मला मात्र तीच गोष्ट मोलाची वाटते. मस्टँग आणि चॅलेंजर दोन दारांच्या. मागे बाळाची सीट बसवायची म्हटलं की कंबर मोडते. चार्जरमध्ये मागचं दार उघडायचं, बाळाला बसवायचं, पट्टा लावायचा आणि निघायचं. पुढे आठ सिलिंडर असले तरी. कॅनडात ब्रॅम्प्टनच्या कारखान्यात ही गाडी २०२३ च्या डिसेंबरपर्यंत बनत होती. म्हणजे आज तुम्ही घ्याल ती बहुतेक सेकंड-हँडच, आणि म्हणून निवडीइतकीच तपासणीही महत्त्वाची.

पहिली पायरी: वर्ष

२००६ ते २०१० ची पिढी स्वस्तात दिसेल. सोडून द्या. त्या काळच्या ताकाता कंपनीच्या एअरबॅगचा (फुगताना फुटून धातूचे तुकडे उडण्याचा) प्रश्न इतका गंभीर आहे की २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीनंच या जुन्या गाड्यांच्या मालकांना एअरबॅग बदलेपर्यंत गाडी चालवू नका असं कळवलं होतं. शिवाय त्यातली छोटी २.७ लिटरची व्ही-६ (सहा सिलिंडरची; व्ही-८ म्हणजे आठची) अवघ्या १९० हॉर्सपॉवरची. एवढ्या मोठ्या अंगाच्या गाडीला ती पुरत नाही.

२०११ मध्ये गाडीचं रूप आणि आतला भाग दोन्ही सुधारले. व्ही-६ ला २०१२ पासून आठ गिअरचं ऑटोमॅटिक मिळू लागलं, व्ही-८ ला मात्र त्यासाठी २०१५ उजाडावं लागलं. तोपर्यंत व्ही-८ जुन्या पाच गिअरवर चालत होती. फरक चालवल्याबरोबर कळतो: पाच गिअरच्या गाडीत पाय दाबला की क्षणभर विचार करते, आठ गिअरची लगेच खालचा गिअर टाकून उसळते. म्हणून माझा नियम साधा आहे. व्ही-६ घ्यायची तर २०१४ किंवा पुढची, व्ही-८ घ्यायची तर २०१५ किंवा पुढची. (व्ही-६ साठी २०१४ का? २०११ ते २०१३ च्या काही इंजिनांत डाव्या बाजूच्या सिलिंडर हेडची तक्रार निघाली होती आणि कंपनीला त्या भागाची वॉरंटी वाढवून द्यावी लागली होती.)

क्लच दाबून गाडी चालवण्याची सवय असलेल्यांनी एक ऐकून ठेवावं: या पिढीतल्या कुठल्याच चार्जरला हातानं टाकायचे गिअर नाहीत.

दुसरी पायरी: तुमच्याकडे बर्फ पडतो का?

हा प्रश्न इंजिनाच्याही आधी का, ते सांगतो. २०१५ पासून सर्वसामान्य गिऱ्हाइकाला ऑल-व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद, फक्त व्ही-६ बरोबर मिळालं. २०११ ते २०१४ मध्ये आर/टी ऑल-व्हील ड्राइव्ह होती, पण तिच्यात तोच पाच गिअरचा जुना डबा. त्यानंतर व्ही-८ आणि ऑल-व्हील ड्राइव्ह ही जोडी पोलिसांच्या गाड्यांपुरतीच राहिली. त्यामुळे मिशिगन, मिनेसोटा, शिकागो, बफेलो, टोरांटो अशा ठिकाणी राहत असाल, एकच गाडी असेल आणि जानेवारीत सकाळी सात वाजता ऑफिसला पोचणं भाग असेल, तर तुमचा निर्णय अर्धा इथेच झाला.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी बर्फात चालतच नाही असं नाही. चांगले विंटर टायर घातले तर व्ही-८ सुद्धा बर्फात नीट चालते, मी चालवतो. पण त्यासाठी टायरचा वेगळा सेट हवा, तो ठेवायला जागा हवी आणि पायावर ताबा हवा. इथला पहिला हिवाळा अजून पाहिला नसेल, तर हे तिन्ही शिकायला आठ सिलिंडरची गाडी बरोबर नाही. व्ही-६ च्या ऑल-व्हील ड्राइव्हची रचना छान आहे: रस्ता कोरडा असताना पुढचा आस सुटा होतो आणि गरज पडली की आपोआप जोडला जातो. तुम्हाला काहीच करावं लागत नाही.

टेक्सास, फ्लोरिडा, कॅलिफोर्नियाच्या मंडळींनी ही पायरी ओलांडून थेट पुढे यावं.

तिसरी पायरी: इंजिन

शोरूमची नावं कितीही असोत, २०१५ ते २०२३ च्या चार्जरमध्ये इंजिनं चारच आहेत. हेलकॅटच्या वरच्या आवृत्त्या त्याच चौथ्या इंजिनाची वाढलेली रूपं. हे डोक्यात पक्कं बसलं की गोंधळ संपतो.

पहिलं ३.६ लिटरचं पेंटास्टार व्ही-६. २९२ हॉर्सपॉवर, जीटीमध्ये ३००. साधं ८७ ऑक्टेनचं गॅस (म्हणजे पेट्रोल) चालतं. मागच्या चाकांच्या गाडीला सरासरी गॅलनला २३ मैल, हायवेवर ३०. आपल्या हिशेबात सांगायचं तर सरासरी लिटरला जेमतेम १० किलोमीटर. या इंजिनाला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, आणि ते मला पटत नाही. ३०० हॉर्सपॉवर म्हणजे काही थोडकी नव्हे. हायवेच्या रॅम्पवर ही गाडी कुणाच्याही मागे राहत नाही. जे मिळत नाही ते म्हणजे आवाज. गॅरेजमध्ये सुरू केल्यावर छाती थरथरते तसं इथे काही होत नाही. तुम्हाला गाडीचं रूप, ऐसपैस जागा आणि दणकट बांधणी आवडली असेल, तर व्ही-६ घेऊन तुम्ही कुठेही कमी पडत नाही.

दुसरं ५.७ लिटरचं हेमी (डॉजच्या व्ही-८ इंजिनांचं नाव), म्हणजे आर/टी. ३७० हॉर्सपॉवर, ३९५ पाउंड-फूट टॉर्क. सावकाश चालताना आठपैकी चार सिलिंडर आपोआप बंद होतात, त्यामुळे हायवेवर गॅलनला २५ मैलांपर्यंत जाते, सरासरी १९. कंपनी ८९ ऑक्टेनची शिफारस करते. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एकूण सोळा. प्लग बदलायची वेळ येईल तेव्हा बिल सोळाचं येईल, हे आत्ताच धरून चला.

तिसरं ६.४ लिटर. घनइंचात ३९२, म्हणून लोक याला नुसतं 'थ्री-नाइन्टी-टू' म्हणतात. स्कॅट पॅकमध्ये येतं ते हेच. ४८५ हॉर्सपॉवर, ४७५ पाउंड-फूट. सरासरी गॅलनला १८ मैल, आणि ९१ किंवा त्याहून वरचं प्रीमियम गॅस. यात टर्बो नाही, सुपरचार्जर नाही. नुसत्या मोठ्या इंजिनाची सरळ, पायाखाली लगेच जाणवणारी ताकद आहे. माझ्या मते या पिढीतलं सगळ्यात मनापासून बनवलेलं इंजिन हेच. थंडीत पहाटे सुरू केलं की पहिले काही सेकंद खालच्या पट्टीत घुमतं, मग हळूहळू आवाज खाली येत स्थिरावतो. चार वर्षं झाली, तो आवाज ऐकायला मी अजून दार उघडं ठेवून सुरू करतो.

चौथं ६.२ लिटरचं, सुपरचार्जर लावलेलं: हेलकॅट. २०१५ मध्ये आलं तेव्हा ७०७ हॉर्सपॉवर, २०२१ पासून ७१७, रेडआय या वरच्या आवृत्तीत ७९७. चार दारं, डिक्की, मागे तीन माणसं, आणि कंपनीनं सांगितलेला सर्वाधिक वेग ताशी २०४ मैल. यंत्र म्हणून त्याला माझा नमस्कार आहे. पण पहिली चार्जर म्हणून ती घेऊ नका, हे हात जोडून सांगतो. ओल्या रस्त्यावर डाव्या वळणाला जरा जोरात पाय पडला तरी मागची चाकं सुटतात. आधी एखादं वर्ष कमी ताकदीच्या गाडीवर हात बसू द्या. डॉजनं स्वतः या गाडीसोबत दोन रंगांच्या चाव्या दिल्या होत्या: लाल चावीनं पूर्ण ताकद, काळीनं ५०० हॉर्सपॉवरपर्यंतच. बनवणाऱ्यांनाच ही काळजी घ्यावीशी वाटली, यावरून काय ते समजा.

आता गॅसच्या खर्चाबद्दल, कारण सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात. वर्षाला १२,००० मैल धरले तर मागच्या चाकांच्या व्ही-६ ला सुमारे ५२० गॅलन लागतात, ५.७ ला ६३०, ६.४ ला ६६५ आणि हेलकॅटला ८००. नीट बघा: आर/टी आणि स्कॅट पॅकमध्ये वर्षाला अवघा ३५ गॅलनचा फरक. प्रीमियमचा वाढीव दर धरला तरी "गॅस परवडणार नाही म्हणून स्कॅट पॅक नको, आर/टी घेतो" हा हिशेब फार टिकत नाही. खरा फरक इन्शुरन्सचा आणि टायरचा आहे. त्यावर पुढे येतो.

म्हणून माझा कौल असा. रोजच्या कामाला, बर्फात, एकुलती एक गाडी म्हणून: व्ही-६ जीटी ऑल-व्हील ड्राइव्ह. व्ही-८ च हवी असेल आणि इन्शुरन्स झेपत असेल तर: स्कॅट पॅक. सेकंड-हँड बाजारात चांगली राखलेली आर/टी आणि थोडी जास्त चाललेली स्कॅट पॅक यांच्या किमती पुष्कळदा जवळ येतात, आणि त्या फरकात तुम्हाला ११५ हॉर्सपॉवर आणि ब्रेम्बो कंपनीचे चार पिस्टनवाले ब्रेक मिळतात. दोन टनांची गाडी थांबवायची आहे, त्यामुळे मला यातले ब्रेक जास्त मोलाचे वाटतात. आर/टी वाईट नाही. जिला एकाच मालकानं वेळच्या वेळी ऑइल घालून सांभाळली आहे आणि जी योग्य किमतीत मिळते आहे, अशी आर/टी जरूर घ्या. पण आर/टी घेऊन सहा महिन्यांत "स्कॅट पॅकच घ्यायला हवी होती" म्हणणारे मी बरेच पाहिले. स्कॅट पॅक घेऊन आर/टीसाठी हळहळणारा अजून भेटायचा आहे.

चौथी पायरी: ट्रिमची नावं आणि विन नंबर

इंजिन ठरलं की ट्रिम सोपी. एसएक्सटी म्हणजे साधी व्ही-६. जीटी म्हणजे तीच व्ही-६, पण २०१९ पासून तिला थोडं ताठ सस्पेन्शन, स्टिअरिंगमागे गिअरच्या पट्ट्या आणि स्कॅट पॅकसारखं बोनेट मिळालं. नावात एक खोच आहे: २०१८ पर्यंतची जीटी ऑल-व्हील ड्राइव्हच असे, २०१९ ची मागच्या चाकांची, आणि २०२० पासून दोन्ही प्रकार. जाहिरातीत नुसतं 'जीटी' वाचून बर्फासाठी गाडी घ्यायला जाऊ नका, विचारून घ्या. आर/टी आणि स्कॅट पॅक वर आलेच. डेटोना, सुपर बी ही नावं मुख्यतः रंग, पट्टे, चाकं आणि सीटची सजावट; इंजिन खालचंच.

वाइडबॉडी मात्र नुसती सजावट नव्हे. २०२० पासून स्कॅट पॅक आणि हेलकॅटला ती मिळू लागली. गाडी साडेतीन इंचांनी रुंद, चारही चाकांना ३०५ मिलिमीटर रुंदीचे टायर आणि पुढे सहा पिस्टनचे ब्रेक. वळणावर गाडी अक्षरशः रस्त्याला चिकटते. पण अरुंद गॅरेज आणि मार्चमधले मिशिगनचे खड्डे यांचा विचार करूनच घ्या. त्या टायरच्या बाजूची उंची एवढी कमी असते की एका खोल खड्ड्यात रिम वाकते.

आता सगळ्यात उपयोगाची युक्ती. बाजारात व्ही-६ ला हेलकॅटची जाळी, आर/टीला स्कॅट पॅकचे बिल्ले लावून विकणारे पुष्कळ. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. बिल्ल्यावर विश्वास ठेवू नका, विन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, वाचा. पुढच्या काचेतून डाव्या कोपऱ्यात आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर तो असतो. त्यातलं आठवं अक्षर इंजिन सांगतं: जी म्हणजे ३.६, टी म्हणजे ५.७, जे म्हणजे ६.४, आणि ९ हा आकडा म्हणजे हेलकॅटचं ६.२. दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष: एफ म्हणजे २०१५, जी २०१६, एच २०१७, जे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२ आणि पी २०२३.

सातवं अक्षरही बघा. ते ए किंवा के असेल तर ती पोलिसांची गाडी होती. लिलावातून आलेल्या अशा गाड्या स्वस्त दिसतात आणि नवख्यांना भुरळ पाडतात. मैल कमी असतील, पण ती गाडी रस्त्याच्या कडेला इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभी राहिलेली असते, आणि मैलांच्या आकड्यात ते तास दिसत नाहीत. इंजिनाचे एकूण तास विचारा, मैलांना त्या तासांनी भागा. उत्तर पंधरा-वीसच्या आत आलं, तर ती गाडी चालण्यापेक्षा उभीच जास्त राहिली आहे असं समजा.

पाचवी पायरी: इन्शुरन्स, चोरी, टायर

गाडी बघायला जाण्याआधी विन नंबर मागवा आणि त्यावर इन्शुरन्सचा कोट घ्या. आधी, नंतर नाही. इथला लायसन्स नवा, क्रेडिटचा इतिहास कोवळा, आणि गाडी व्ही-८, असं त्रिकूट जमलं की कोटचा आकडा बघून डोळे पांढरे होतात. मिशिगनसारख्या महाग राज्यात तर होतातच. माझ्या ओळखीच्या एका मुलानं स्कॅट पॅकचं डिपॉझिट आधी भरलं आणि इन्शुरन्स नंतर विचारला. महिन्याचा हप्ता गाडीच्या कर्जाच्या हप्त्याइतकाच निघाला आणि डिपॉझिट परत मिळवायला त्याला महिनाभर हेलपाटे घालावे लागले. तीन-चार कंपन्यांचे आकडे घ्या, आणि एसएक्सटी, आर/टी, स्कॅट पॅक या तिघींचेही घ्या. तुमची खरी ऐपत कुठल्या पायरीची ते कागदावरच दिसेल.

महाग का? एक कारण चोरी. विमा उद्योगाच्या एचएलडीआय या संस्थेनं २०२३ साली जाहीर केलं की २०२० ते २०२२ मॉडेलच्या गाड्यांत चोरीच्या दाव्यांचं प्रमाण चार्जर हेलकॅटचं सर्वाधिक होतं, सरासरीच्या साठपट. चोर नवी चावी गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवून ती पळवतात. कंपनीनं २०१५ पासूनच्या जास्त ताकदीच्या गाड्यांसाठी एक जादा सुरक्षा कोड विनामूल्य दिला आहे. कोड न घालता गाडी सुरू केली तर इंजिन ६७५ आरपीएमच्या वर जात नाही, नुसती रांगते. स्कॅट पॅक किंवा हेलकॅट घेतली तर पहिल्याच आठवड्यात डीलरकडून ते करून घ्या. गाडीच्या कॉम्प्युटरला यंत्र जोडायचा जो पोर्ट स्टिअरिंगखाली असतो त्याला कुलूप लावा, आणि अपार्टमेंटच्या उघड्या पार्किंगमध्ये राहत असाल तर मनाला पुन्हा एकदा विचारा.

टायरचंही तसंच. एसएक्सटीची १७ इंची चाकं आणि वाइडबॉडीची २० इंची, यांच्या टायरच्या किमतीत खूप अंतर आहे. शिवाय उन्हाळी टायर सात-आठ अंश सेल्सिअसखाली कडक पडतात, पकड सोडतात. विक्रेत्याला टायर कुठले आहेत ते विचारा आणि रबराची उरलेली खोली स्वतः बघा. घासलेले टायर असतील तर तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. संकोच करू नका.

सहावी पायरी: थंड इंजिन, उघडे कान

चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत मी एक आर/टी बघायला गेलो होतो. बाहेर उणे दहा. गाडी चकाचक धुतलेली, विक्रेता गोड बोलणारा. मी बोनेटवर हात ठेवला तर ते कोमट. म्हणजे मी यायच्या आधी यानं गाडी चालवून गरम करून ठेवली होती. "म्हटलं तुम्हाला थंडी वाजायला नको," तो म्हणाला. मी म्हणालो, उद्या येतो, तोवर गाडीला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी बोनेट बर्फासारखं गार होतं. सुरू केली, आणि उजव्या बाजूनं शिवणयंत्रासारखी बारीक टिक-टिक टिक-टिक. पाच मिनिटं थांबलो, गेली नाही. आरपीएम वाढवले तशी तीही वाढली. मी आभार मानून घरी आलो.

हेमीची टिक-टिक हा या गाडीतला सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे, म्हणून जरा सविस्तर. टिक दोन प्रकारची असते. पहिली गार इंजिनावर येते आणि गरम झालं की जाते. ती बहुधा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचा) बोल्ट तुटल्याची. फटीतून वायू निसटतो, धातू तापून फुगला की फट बुजते आणि आवाज थांबतो. हे दुरुस्त होतं, खर्च बेताचा. दुसरी गरम झाल्यावरही राहते, आरपीएमबरोबर वाढते, आणि पुढे एखादा सिलिंडर चुकू लागतो. ती लिफ्टरची, म्हणजे कॅमशाफ्ट या फिरत्या दांड्यावर टेकून इंजिनाच्या झडपा उचलणाऱ्या भागाची. लिफ्टरच्या टोकाला एक बारीक रोलर असतो. तो अडकला की फिरायचं सोडून कॅमशाफ्टवर घासू लागतो आणि कॅमशाफ्टच खाऊन टाकतो. त्याचं बिल हजारो डॉलरचं. फार वेळ नुसतं उभ्यानं चालू ठेवलेली आणि ऑइल बदलायला आळस केलेली इंजिनं यात जास्त सापडतात, असं अनुभवी मेकॅनिक सांगतात. म्हणून वर पोलिसांच्या गाड्यांबद्दल एवढं बोललो.

बोनेट गार असताना सुरू करा, रेडिओ बंद, पंखा बंद, आणि दहा मिनिटं नुसतं ऐका. विक्रेता घाई करत असेल तर करू द्या.

व्ही-६ मध्ये दुसरंच बघायचं. इंजिनाच्या दोन बाजूंच्या मधल्या खोबणीत ऑइल फिल्टरचं प्लास्टिकचं घर असतं. ते चिरतं आणि ऑइल त्या खोबणीत साचतं. टॉर्च मारून बघा, ओलं चकाकतंय का. याही इंजिनात रॉकर आर्मची (झडपा दाबणाऱ्या छोट्या दांड्यांची) टिक-टिक येऊ शकते, तेव्हा कान इथेही उघडे हवेत.

डिक्की उघडून तळाचा गालिचा उचला. मागच्या दिव्यांच्या कडेतून पाणी शिरण्याची खोड या गाडीला आहे, आणि बॅटरीही डिक्कीतच असते. तळाला ओल, गंज किंवा कोंदट वास आला तर पाणी शिरतं आहे. डिक्की उघडलीच आहे तर हेही सांगतो: ती साडेसोळा घनफुटांची आहे. आई-बाबा पुण्याहून आले तेव्हा त्यांच्या दोन मोठ्या बॅगा डिक्कीत बसल्या, तिसरी मागच्या सीटवर आईच्या शेजारी आली. मागे पाय ठेवायला जागा भरपूर, पण छत मागे उतरतं आहे. बसताना डोकं जपायला सांगावं लागतं. घरात कुणाचे गुडघे दुखत असतील तर त्यांना सोबत नेऊन एकदा बसवून बघा.

टेस्ट ड्राइव्हला हायवेवर जा. ताशी साठ मैलांवर पाय हलकेच ठेवा. व्ही-८ चार सिलिंडरवर उतरेल तेव्हा आवाज थोडा घोगरा होतो, ते ठीक आहे. धक्का बसला तर ठीक नाही. मोकळ्या जागी जोरात ब्रेक दाबा. स्टिअरिंग थरथरलं तर पुढच्या डिस्क वाकल्या आहेत.

आणि तरीही, शे-दोनशे डॉलर खर्चून तुमच्या पसंतीच्या मेकॅनिककडून गाडी तपासून घ्या. विक्रेत्याच्या मेकॅनिककडून नाही.

नवी चार्जर?

नवीही आहे, दोन शब्द तिच्यावर. आधी विजेवर चालणारी डेटोना आली. त्यापाठोपाठ २०२६ च्या मॉडेलपासून तीन लिटरचं, दोन टर्बोचं, ओळीत सहा सिलिंडर असलेलं 'सिक्सपॅक' इंजिन. आर/टीमध्ये ४२० हॉर्सपॉवर, स्कॅट पॅकमध्ये ५५०. ऑल-व्हील ड्राइव्ह सगळ्यांना, आणि चार दारांचं शरीरही आहे. बर्फाळ प्रदेशात ताकद हवी असणाऱ्यांची जुनी अडचण तिनं सोडवली. किंमत मात्र नव्या गाडीची. आठ सिलिंडरच्या आवाजासाठी तुम्ही चार्जरकडे आला असाल, तर तो जुनीतच मिळेल.

शेवटची पायरी: कागद आणि चाव्या

अमेरिकेत गाडीचे रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीनं गाडी परत बोलावणं) एनएचटीएसए या सरकारी रस्ता-सुरक्षा संस्थेच्या वेबसाइटवर विन नंबर टाकला की फुकट दिसतात. बाकी राहिलेलं काम डीलर पैसे न घेता करून देतो. २०२३ ची गाडी असेल तर इंजिन-गिअरची मूळ वॉरंटी पाच वर्षं किंवा ६०,००० मैलांची होती. किती उरली ते डीलरकडून विन नंबरवरच विचारून घ्या. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, 'क्लीन' आहे का ते वाचा. 'सॅल्व्हेज' (मोठ्या नुकसानीनं मोडीत काढलेली) किंवा 'रीबिल्ट' (तशी गाडी पुन्हा बांधलेली) असा शिक्का असेल तर कितीही स्वस्त असली तरी वळा. सर्व्हिसच्या पावत्या मागा. ऑइल बदलल्याच्या तारखा सलग असतील तर ती गाडी मैल थोडे जास्त असूनही घेण्यासारखी.

आणि चाव्या मोजा. गाडीसोबत दोन येतात. एकच हातात ठेवत "दुसरी हरवली" असं कुणी म्हणालं, तर ती दुसरी चावी कुणाच्या खिशात आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं. जुन्या चाव्या कॉम्प्युटरमधून पुसून नव्या दोन करून देण्याचा खर्च विक्रेत्यानं उचलावा, हे खरेदीच्या कागदावर लिहून घ्या, आणि मगच चेकवर सही करा.